‘उपयोग काय?’ हे कोणी ठरवायचं? तत्त्वज्ञान अभ्यासमंडळाला खुले पत्र

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
तत्त्वज्ञान अभ्यासमंडळ

सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी गेली बावीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवते. आपल्यापैकी काहींची व्याख्यानं ऐकूनच मी या विषयाकडे वळले, त्यामुळे हे पत्र लिहिताना हात जड झाला आहे. पण गप्प बसवत नाही.

गेल्या महिन्यात सुधारित अभ्यासक्रमाचं परिपत्रक आलं. टी.वाय.च्या आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या पेपरातला चौथा घटक, म्हणजे पर्स, जेम्स आणि ड्युई या अमेरिकन तत्त्वज्ञांचा फलप्रामाण्यवाद (प्रॅग्मॅटिझम; कल्पनेचा अर्थ तिच्या परिणामांत शोधणारा विचार), त्यातून काढून टाकला आहे. पंधरा तासांचा घटक. कारणं तीन ओळींत दिली आहेत. एक, हा विषय नीतिशास्त्राच्या पेपरात ‘उपयुक्ततावाद’ या शीर्षकाखाली येऊन जातो. दोन, अभ्यासक्रमातला पाश्चात्त्य भार कमी करायचा आहे. तीन, रोजगाराच्या दृष्टीने या घटकाचा उपयोग नाही. मी विभागामार्फत रीतसर पत्र पाठवलं. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. म्हणून आता सर्वांसमोर लिहिते आहे.

माझा यात आर्थिक संबंध नाही, हे आधीच सांगते. माझ्या वर्कलोडला धक्का लागत नाही. या जागी जो घटक येईल त्याचे तासही मीच घेणार आहे. संबंध आहे तो वेगळाच, आणि तो सांगायला मला एका तासाकडे परत जावं लागेल.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. चार्ल्स पर्स यांचा १८७८ सालचा निबंध शिकवत होते, आपल्या कल्पना स्पष्ट कशा कराव्यात यावरचा. एखादी वस्तू ‘कठीण’ आहे असं आपण म्हणतो तेव्हा त्या शब्दाच्या पोटात काय असतं, असं ते त्यात विचारतात. त्यांचं उत्तर साधं आहे: इतर बहुतेक वस्तूंनी तिच्यावर ओरखडा उठणार नाही. हिऱ्याला काय काय केलं तर काय काय घडेल, यात ‘हिरा कठीण आहे’ या वाक्याचा अर्थ पूर्ण आला. त्याच्या मागे ‘काठिण्य’ नावाचं आणखी काही लपून बसलेलं नाही. मुलांनी हे वहीत उतरवून घेतलं, जसं सगळंच उतरवून घेतात. मग मी म्हटलं, हिरा राहू द्या, तुमच्या गावात रोज कानावर पडणारं एखादं वाक्य घ्या आणि त्याला हीच कसोटी लावा.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिची आई कांद्याच्या खळ्यावर निवडीला जायची, आणि घरातून कॉलेजात आलेली ही पहिलीच. तिने विचारलं, ‘मॅडम, आमच्या गावात सगळे म्हणतात, आता जातपात कोणी पाळत नाही. हे वाक्य चालेल का?’

मी खडू तिच्या हातात दिला. तिने ते वाक्य फळ्यावर वर लिहिलं आणि खाली एकेक प्रश्न मांडत गेली. हे खरं असेल तर लग्नाच्या पंगतीत कोणाशेजारी कोण बसलेलं दिसेल? गावात बदलून आलेल्या मास्तरांना खोली भाड्याने देताना आडनाव विचारतील का? आम्ही कोणाच्या घरी गेलो तर चहा कोणत्या कपात येईल, आणि तो कप नंतर कोण विसळेल? पोळ्याला कोणाची बैलजोडी पहिली निघेल? गावाला स्मशानं किती आहेत? वर्गात कुणाच्या वहीचं पानही उलटत नव्हतं. शेवटी तिने लिहिलं: ‘यातलं काहीच बदललं नसेल, तर वरच्या वाक्यात उरतं काय?’

पर्स यांचा नियम तिला माझ्यापेक्षा नीट कळला होता. तो समजावून सांगताना मी नेहमी हिऱ्याशी थांबत असे. तिने तो स्वतःच्या गावात नेऊन उभा केला. पुढच्या तासाला मी महाड घेतलं. मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला १९२३ साली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला १९२४ साली. कागदावर तळं तेव्हापासून सर्वांचं होतं. मग २० मार्च १९२७ पर्यंत त्या ठरावाचा अर्थ काय होता? माणसं तळ्याकडे चालत गेली, ओंजळ भरली, पाणी प्यायली, आणि त्यावर जे घडलं, ती मारहाण, ती ‘शुद्धी’, नगरपालिकेने मागे घेतलेला तो ठराव, १९३७ पर्यंत चाललेला तो खटला, त्यातून गावाला आणि देशाला कळलं की ‘खुलं’ या शब्दात किती आहे आणि किती नाही. बाबासाहेबांनी हे पर्स वाचून केलं असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की फलप्रामाण्यवाद शिकलेला विद्यार्थी महाड वेगळ्या डोळ्यांनी वाचतो. आपण जे काढून टाकलं आहे, ते हे डोळे आहेत.

आता परिपत्रकातल्या कारणांकडे येते.

पहिल्या कारणाने मला सर्वांत जास्त दुखावलं, कारण ते अभ्यासमंडळाकडून आलं आहे. उपयुक्ततावाद आणि फलप्रामाण्यवाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपणास मी सांगावं अशी वेळ यायला नको होती. उपयुक्ततावादी बेंथम आणि मिल विचारतात की कोणतं कृत्य चांगलं, आणि उत्तर देतात की ज्यातून जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख साधतं ते. पर्स, जेम्स, ड्युई यांचा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. एखाद्या विधानाला अर्थ कशाने येतो? आपली समजूत पक्की होते ती कोणत्या वाटेने? ती चुकली तर ते आपल्याला कळणार कसं? विल्यम जेम्स यांनी १९०७ सालचं आपलं पुस्तक मिल यांच्या स्मृतीला अर्पण केलं आहे, म्हणजे नातं आहे हे खरं. पण नातं आहे म्हणून एकाच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव चढवता येत नाही.

या गोंधळाची किंमत मी दरवर्षी उत्तरपत्रिका तपासणीच्या कॅप सेंटरवर पाहते. गठ्ठा उघडला की एकामागून एक उत्तरपत्रिकेत तेच वाक्य, त्याच शब्दांत, गाईडमधून आलेलं: ‘जे उपयोगी ते सत्य, असे फलप्रामाण्यवाद मानतो.’ आदर्श उत्तरातही तेच असतं, म्हणून गुण द्यावे लागतात. मुलांचा दोष नाही. त्यांना आपण दिलेलंच ते परत करतात.

हे वाक्य अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्यामुळे घातक आहे. त्याला थोडेसे जेम्सही जबाबदार आहेत. कल्पनेची ‘रोख किंमत’ काय, असा शब्दप्रयोग त्यांनी केला आणि टीकाकारांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. पण जेम्स पुढे जे म्हणतात ते गाईडमध्ये कधीच येत नाही. नव्या समजुतीला आधीच्या खऱ्या ठरलेल्या गोष्टींशी जुळवून घ्यावं लागतं, अनुभवाच्या धक्क्यांना तोंड द्यावं लागतं, आणि ती पडताळत गेल्यावरच तिच्यात सत्यता येते. मला सोयीचं म्हणून खरं, अशी मुभा तिथे कोणालाच नाही. पर्स तर या सोप्या रूपाने इतके अस्वस्थ झाले की १९०५ साली त्यांनी स्वतःच्या मताला वेगळं, मुद्दाम ओबडधोबड नाव दिलं, ते इतकं कुरूप आहे की कोणी पळवून नेणार नाही असं म्हणत. ज्या नावाच्या रक्षणासाठी मूळ माणसाने एवढा आटापिटा केला, ते आपण एका फटक्यात दुसऱ्या शीर्षकाखाली ढकललं.

आणि बाहेर काय चाललं आहे, तेही बघा. वर्तमानपत्रात पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्याला ‘प्रॅग्मॅटिक’ म्हणतात. तत्त्व सोडून तडजोड केली की ती ‘व्यवहार्य भूमिका’ होते. शब्दाचा हा घसरलेला अर्थ मुलं बाहेरून घेऊनच वर्गात येतात. तो सुधारण्याची एकमेव जागा हा पंधरा तासांचा घटक होता.

पर्स यांचा आणखी एक निबंध मी कधी वगळला नाही, १८७७ सालचा. समजुती पक्क्या करण्याच्या चार वाटा ते त्यात सांगतात. आपलंच धरून बसायचं, दुसरं काही कानावर येऊच द्यायचं नाही, ही पहिली. सत्तेने सांगितलं ते मानायचं, ही दुसरी. बुद्धीला जे गोड वाटतं ते मानायचं, ही तिसरी. आणि चौथी, आपल्या इच्छेवर अवलंबून नसलेल्या वास्तवाला आपली समजूत तपासू द्यायची. एकट्याने नव्हे, शोध घेणाऱ्या सगळ्यांनी मिळून, आणि चूक निघाली तर कबूल करून. हातात मोबाईल असलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना हे चार प्रकार शिकवून पाहा. ती आपल्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेसेज आणून दाखवतात, ‘मॅडम, हा पहिल्या वाटेतला, हा दुसऱ्या.’ अशा गोष्टीला जुनाट कोण म्हणेल?

दुसरं कारण पाश्चात्त्य भाराचं. भारतीय ज्ञानपरंपरेला अभ्यासक्रमात जास्त जागा मिळावी याला माझा विरोध नाही. उलट मी न्यायदर्शन, म्हणजे ज्ञान आणि तर्काचा विचार करणारं आपलं दर्शन, आवडीने शिकवते. आणि म्हणूनच हे कारण मला पटत नाही. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या न्यायभाष्याचं पहिलंच वाक्य काय आहे? प्रमाणाने, म्हणजे ज्ञानाच्या साधनाने, वस्तूचं ज्ञान झालं की त्यावर केलेली प्रवृत्ती सफल होते, म्हणून प्रमाण सार्थ. दुरून पाणी दिसलं, गेलो, तहान भागली, ज्ञान खरं. गेलो आणि वाळू हाती लागली, ते मृगजळ. धर्मकीर्ती बौद्धांच्या बाजूने तेच सूत्र अर्थक्रियेच्या, म्हणजे वस्तूने आपलं काम करून दाखवण्याच्या, भाषेत मांडतात. हे सगळं आपल्याच दर्शनांत आहे, आणि विद्यार्थ्याला ते खऱ्या अर्थाने कळतं ते जेम्स शेजारी ठेवल्यावर. मग तो विचारतो, सफल प्रवृत्ती ही सत्याची फक्त खूण आहे की सत्याचा अर्थच तो? नैयायिक पहिलं म्हणेल, जेम्स दुसऱ्याकडे झुकेल. या एका प्रश्नावर मी दोन-दोन तास वाद होताना पाहिला आहे. आपण एक बाजू काढून घेतली की दुसरी पाठांतराची होते.

पण यापेक्षा मोठी गोष्ट आहे, आणि ती महाराष्ट्रातल्या अभ्यासमंडळाच्या नजरेतून सुटावी याचं मला मनापासून वाईट वाटतं. भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचले. १९१६ पर्यंत कोलंबिया विद्यापीठात होते. जॉन ड्युई तेव्हा तिथे शिकवत होते आणि बाबासाहेब त्यांच्या वर्गात बसले. ड्युईंचं ‘डेमोक्रसी अँड एज्युकेशन’ १९१६ साली आलं. लोकशाही ही नुसती शासनपद्धती नाही, ती एकत्र जगण्याची, अनुभव एकमेकांपर्यंत पोचवण्याची रीत आहे, हे त्यातलं मध्यवर्ती वाक्य. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि मंडळाने परिषदच रद्द केल्यामुळे स्वखर्चाने छापलेल्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या भाषणात बाबासाहेबांनी लोकशाहीची व्याख्या केली, ती जवळपास याच शब्दांत. दीड हजार प्रतींची पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली.

त्याच भाषणात ‘सोशल एन्डॉस्मॉसिस’ हा शब्द येतो. मराठीत आपण त्याला सामाजिक अभिसरण म्हणतो. पडद्यातून द्रव आत-बाहेर झिरपतो ती ही प्रक्रिया. ड्युई लिहितात की वरचढ आणि अंकित असे दोन वर्ग पडले की हे झिरपणं थांबतं. बाबासाहेबांनी ही कल्पना १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढच्या निवेदनातच वापरली होती, आणि १९३६ मध्ये ती जातीच्या भिंतीला लावली. तिथेच नियम आणि तत्त्व यांतला फरक येतो. नियम सांगतो हे कर, ते करू नको. तत्त्व विचार करायला साधन देतं आणि कृतीची जबाबदारी माणसावर ठेवतं. हा फरक ड्युई आणि टफ्ट्स यांच्या १९०८ च्या नीतिशास्त्रावरील पुस्तकातून आलेला आहे, आणि त्याच्या बळावर बाबासाहेब म्हणू शकले की ज्याला तुम्ही धर्म म्हणता ती विधिनिषेधांची जंत्री आहे. भाषणाच्या शेवटाकडे तर ते ड्युईंचं नाव घेतात, माझे गुरू, ज्यांचा मी फार ऋणी आहे, असं म्हणून. आणि समाजाने भूतकाळातलं सगळंच पुढच्या पिढीला द्यायचं नसतं, चांगल्या भविष्याला उपयोगी पडेल तेवढंच द्यायचं, हा त्यांचा विचार उद्धृत करतात.

जून १९५२ मध्ये कोलंबियाने बाबासाहेबांना मानद पदवी दिली. ती घ्यायला ते निघाले आणि वाटेतच कळलं की ड्युई १ जूनला गेले. पत्नी माईसाहेबांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटलं की आपल्या सगळ्या बौद्धिक आयुष्याचं ऋण या माणसाचं आहे. हे मी वर्गात वाचून दाखवते तेव्हा पुढे बसलेल्या मुलांचे चेहरे आपण पाहायला हवे होते.

‘आंबेडकर विचारधारा’ हा पेपर आपल्याच विद्यापीठात आहे. तिथे हे भाषण नेमलेलं आहे. म्हणजे विद्यार्थी तो संवाद वाचणार, पण त्यातल्या एका माणसाचा आवाज आपण बंद करणार. याला पाश्चात्त्य भार म्हणायचं का? अमेरिकेत २०२३ साली स्कॉट स्ट्राउड यांचं या दोघांच्या वैचारिक नात्यावर पूर्ण पुस्तक शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढलं. तिकडचे लोक इकडे येऊन या धाग्याचा माग काढतात, आणि तो जिथून निघाला त्या मुलखातला विद्यार्थी ड्युईंचं नाव न ऐकता पदवी घेणार. बाबासाहेबांनी ड्युई जसेच्या तसे उचलले नाहीत, हेही शिकवायला हवं. ड्युईंचा भरवसा हळूहळू वाढणाऱ्या सामाजिक शहाणपणावर होता. बाबासाहेबांनी हक्क मागितले, संरक्षणं मागितली, आणि १९५६ मध्ये धम्म स्वीकारला. गुरूच्या पुढे शिष्य कुठे गेला हे दाखवायलासुद्धा आधी गुरू वर्गात यावा लागतो.

तिसरं कारण उपयोगाचं, रोजगाराचं. आमच्या विभागातून बाहेर पडणाऱ्यांपैकी बरेच जण बी.एड. करतात. तिथे पहिल्याच वर्षी ‘कार्यवाद’ किंवा ‘व्यवहारवाद’ या नावाने हाच विषय पुन्हा समोर येतो. शाळेत रुजू झाले की ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल करून पाहत स्वतःच ज्ञान घडवतं हा विचार, आहेच. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळा पाहायला महाराष्ट्रभरातून शिक्षक गेले होते. फरशीवर रंगवलेले आकडे, गटागटाने बसलेली मुलं. त्या फरशीची मुळं कुठवर जातात ते मुलांना कळायला नको का? ड्युईंनी जानेवारी १८९६ मध्ये शिकागोत आपली प्रयोगशाळा-शाळा सुरू केली, तेव्हा ते मुलांसाठी बाकं शोधत दुकानं फिरले. मनासारखं मिळेना. शेवटी एक दुकानदार म्हणाला, तुम्हाला मुलं काम करतील अशी बाकं हवी आहेत; ही सगळी ऐकण्यासाठी केलेली आहेत.

आमच्या वर्गातली बाकं बोल्ट मारून फरशीला पक्की केलेली होती. हा किस्सा सांगितला त्या वर्षी मुलांनी प्राचार्यांकडे अर्ज केला. शिपायाने पाना आणून दोन ओळींचे बोल्ट काढले. गंजलेल्या बोल्टांच्या खुणा अजून फरशीवर आहेत. आता त्या दोन ओळी समोरासमोर मांडतो, आणि जे विद्यार्थी तीन वर्षं फळ्याकडे बघत बसले असते ते एकमेकांना उत्तर देतात. हा उपयोग श्रेयांकांच्या तक्त्यात कोणत्या रकान्यात भरायचा, ते कृपया सांगा.

कायद्याकडे जाणाऱ्यांसाठी ऑलिव्हर वेंडेल होम्स आहेत, पर्स आणि जेम्स यांच्यासोबत १८७२ च्या सुमारास अमेरिकेतल्या केंब्रिजमधल्या एका छोट्या चर्चामंडळात बसणारे, पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. १९१९ च्या एका भिन्नमतपत्रात त्यांनी लिहिलं की राज्यघटना हा प्रयोग आहे, जसं सगळं जगणंच प्रयोग आहे. समाजकार्याकडे जाणाऱ्यांसाठी शिकागोच्या हल हाउस या सेवाकेंद्राच्या जेन ॲडम्स आहेत; ड्युई त्यांच्याकडून शिकले.

या विचाराचे दोष झाकावेत असं मी म्हणत नाही. याच होम्स यांनी १९२७ साली सक्तीच्या नसबंदीला घटनात्मक ठरवलं, आणि तो निकाल आजही वाचताना अंगावर काटा येतो. ‘उपयोगी’ म्हटलं की ‘कोणाला?’ हा प्रश्न न विचारल्याचं ते फळ. बर्ट्रांड रसेल यांनी जेम्स यांच्या सत्यविचारावर केलेली टीकाही जोरदार आहे आणि ती मी शिकवते. पण दोष आहेत म्हणून घटक काढायचा, तर पेपरात काहीच उरणार नाही.

शेवटची तक्रार पद्धतीची. या बदलाआधी एकाही संलग्न महाविद्यालयातल्या शिक्षकाला, माझ्या माहितीप्रमाणे, विचारलं गेलं नाही. विद्यार्थ्यांना तर नाहीच. ड्युईंनी १९२७ मध्ये लिहिलं की जोडा कुठे चावतो ते तो घालणाऱ्यालाच कळतं, तो दुरुस्त कसा करायचा हे चांभाराला जास्त कळत असलं तरी. आपण जाणकार आहात, दुरुस्तीचा अधिकार आपला आहे, तो मी मानते. पण जोडा घालून रोज चालणारे आम्ही आहोत. घटक काढल्याने काय होईल याची चौकशी न करताच त्याला निरुपयोगी ठरवणं, याला माझी मुख्य हरकत आहे.

माझ्या मागण्या अशा.

फलप्रामाण्यवादाचा घटक टी.वाय.च्या पेपरात परत घ्यावा. पंधरा तास शक्य नसतील तर दहा द्या, पण स्वतंत्र घटक म्हणून द्या. उपयुक्ततावादाच्या पोटात नको.

‘जे उपयोगी ते सत्य’ हे एका ओळीचं उत्तर आदर्श उत्तरांतून काढावं आणि परीक्षकांना तशी लेखी सूचना द्यावी. यासाठी बैठकीचीही गरज नाही, हे उद्या होऊ शकतं.

न्याय आणि बौद्ध प्रमाणविचार शिकवताना जेम्स यांच्याशी तुलना हा उपघटक ठेवावा. भारतीय ज्ञानपरंपरेच्या तासांमध्येच तो बसतो, जास्तीचा वेळ लागत नाही.

आंबेडकर विचारधारेच्या पेपरात ड्युईंच्या १९१६ च्या पुस्तकातलं लोकशाहीविषयीचं सातवं प्रकरण १९३६ च्या भाषणासोबत वाचनासाठी नेमावं. त्याचं मराठी भाषांतर विद्यापीठाने करून घ्यावं. मनुष्यबळ नसेल तर आम्ही काही शिक्षक मिळून विनामोबदला करून देतो. पहिली दहा पानं माझ्याकडे तयार आहेत.

आणि यापुढे कोणताही घटक काढण्याआधी मसुदा महिनाभर सर्व महाविद्यालयांकडे पाठवावा, आलेल्या हरकतींना लेखी उत्तर द्यावं.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत दहा मिनिटं मिळाली तर मी स्वखर्चाने येईन. ती मुलगी आता एका आश्रमशाळेत शिकवते. तिची परवानगी घेऊन फळ्यावरच्या त्या प्रश्नांची यादी या पत्रासोबत जोडली आहे. तिने यंदा त्यात दोन प्रश्न आणखी घातले आहेत, तिच्या शाळेतल्या मुलांनी विचारलेले.

आपली विश्वासू,
तत्त्वज्ञान विभागातील एक शिक्षिका